माझ्या अंथरुणावर बरगड्या

मित्रांनो, मी एक जुनी छर्‍याची बंदूक आहे. मला दारू लागत नाही आणि माझ्यातून धूरही निघत नाही. मला बिजागरीवर वाकवून पुन्हा सरळ केलं की पोटातली स्प्रिंग दबते, आणि चाप ओढला की आतली हवा छर्‍याला ढकलून देते. एवढंच माझं यंत्र. खऱ्या बंदुका मला खेळणं म्हणतात. म्हणोत बापड्या. माझ्या नेमाबद्दल मात्र कुणी ब्र काढलेला मला खपत नाही.

माझा जन्म राजधानीबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी निळसर पोलादाची. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने पहिल्याच दिवशी माझ्यातून पाच छर्रे झाडले. पाचही एकाच भोकातून गेले. तो म्हणाला, “ही पोरगी डोळस आहे.” ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

पुढे मी प्रिंगलेस गावातल्या एका दुकानात आले. खोगिरं आणि स्टोव्ह यांच्यामध्ये दोन वर्षं उभी राहिले. मग बाल्दोमेरो नावाचा रेल्वेतला तरुण मला घरी घेऊन गेला. त्याची तेव्हा नुकतीच सुलेमाशी सोयरीक जमली होती. तिच्यावर छाप पाडायला त्याने कुंपणावर सहा डबे मांडले आणि दोन पाडले. मग सुलेमाने मला हातात घेतलं आणि उरलेले चार पाडले. तेव्हापासून शिकारीला मला न्यायचं काम त्याचं आणि माझी निगा राखायचं काम तिचं, अशी वाटणी झाली. दर रविवारी ती तेल लावलेल्या लोकरीने माझी नळी पुसायची. धान्याच्या कोठारातले उंदीर मला ओळखून होते. ते माझे वैभवाचे दिवस.

मग बाल्दोमेरो निवृत्त झाला, त्याच्या गुडघ्यांनी संप केला, आणि मी कपाटावर गेले. धूळ खात पडणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. चाळीस वर्षं मी पोत्यातून, सतरंजीतून आणि एकदा तर त्याच्या विजारीच्या पायातून प्रवास केला होता. पण त्याच्या पासष्टाव्या वाढदिवसाला त्यांच्या लेकीने माझ्यासाठी एक पेटी आणली. काळी, टणक, दोन किल्ल्यांची. आत हिरवा स्पंज, आणि त्यात अगदी माझ्या आकाराचा खळगा. मित्रांनो, म्हातारपणी पहिल्यांदा मला स्वतःचं अंथरूण मिळालं. मी त्यात निजले तेव्हा मला भरून आलं.

आता खरी गोष्ट सांगते.

ऑगस्ट होता, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. सुलेमाचा धाकटा भाऊ रुफिनो कोलोरादो नदीपलीकडे, चोएले चोएलजवळ एकटा राहतो. त्याची नाशपातीची बाग गेल्या वर्षी गारांनी झोपवली होती. त्याने पदरमोड करून तीस नवी रोपं लावली. हिवाळ्यात गवत सुकलं की रानससे रोपांच्या साली सोलून खातात, आणि खोडाभोवतीची गोल साल गेली की रोप मेलंच. रुफिनोचा फोन आला तेव्हा सुलेमाने फोनचा आवाज इतका मोठा ठेवला होता की कपाटावर मला सगळं ऐकू आलं.

“चार गेली, सुले,” तो रडवेला होऊन म्हणाला. “सव्वीस उरली. शेजारी विषाची पुडी देतोय. शनिवारी संध्याकाळपर्यंत दाजी आले तर ठीक, नाहीतर मी टाकतो.”

“आणि चिस्पा?” सुलेमाने विचारलं. चिस्पा त्याची कुत्री. वाटेत मिळेल ते खाणं हा तिचा स्वभाव.

“म्हणून तर अजून टाकलं नाही.”

“हात लावू नकोस त्या पुडीला! आम्ही येतो.”

शुक्रवारी सुलेमाने मला खाली काढलं. नळी रिकामी आहे का ते तीनदा पाहिलं. छर्‍यांचा डबा वेगळ्या पिशवीत ठेवला, माझे कागद आणि शिकारीचा परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घातले, मला पेटीत निजवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

“वाटेत कुणीही विचारू दे,” ती नवऱ्याला म्हणाली, “आपण ताठ मानेने पेटी उघडून दाखवायची. सगळं नियमात.”

“सगळं नियमात,” बाल्दोमेरो म्हणाला. दुसरी किल्ली त्याच्या खिशात होती.

शनिवारी सकाळी ती कोंबड्या शेजारणीकडे सोपवायला गेली, आणि हा पठ्ठ्या मागच्या दाराने खाटकाकडे. परत आला तो गाईच्या बरगड्यांची अखंड फळी काखेत मारून. आता, कोलोरादो नदीवरच्या तपासणी नाक्यावरून हाडासकट कच्चं मांस दक्षिणेला नेता येत नाही, फळंही नेता येत नाहीत. पलीकडे जनावरांचे आणि बागांचे रोग जाऊ नयेत म्हणून हा नियम. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण त्याचबरोबर, पलीकडच्या माणसाला भेटायला बरगड्यांशिवाय जाणं हा अपमान आहे, असंही आमच्याकडच्या प्रत्येक पुरुषाला वाटतं.

“दोन वर्षं झाली, रुफिनोने माणसासारखं बसून बरगडी खाल्ली नाही,” तो स्वतःशीच पुटपुटला. “बंदुकीची पेटी कोण उघडतंय?”

त्याने पेटी उघडली, मला उचललं आणि माझ्या खळग्यात बरगड्या निजवल्या. मेल्या बसल्या पण अगदी मापात. आणि मी? गाडीत समुद्रावरच्या मोठ्या छत्रीची पिशवी बारा महिने पडलेली असते. तिच्यात, छत्रीच्या काड्यांमध्ये, त्याने मला तोंड खाली करून खुपसलं. पिशवीच्या तळाशी जानेवारीत मोंते एर्मोसोच्या किनाऱ्यावरून आलेली वाळू होती. ती सगळी माझ्या घशात गेली.

तीनशे किलोमीटर मी तशी उलटी उभी होते. पुढे दोघं माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, पीत होती, आणि मागच्या सीटवर बरगड्या आडव्या पसरून मजेत चालल्या होत्या.

“म्हाताऱ्या, पेटीवर ऊन येतंय,” सुलेमा म्हणाली. “तापेल ना बिचारी.”

“ऊन नको यायला,” बाल्दोमेरो कळवळून म्हणाला. “ऊन अजिबात नको. खराब होईल.”

तिने स्वतःची लोकरीची शाल काढून पेटीवर घातली. इतक्या वर्षांत तिची शाल मला कधी मिळाली नव्हती. ती बरगड्यांना मिळाली.

दुपारी एकच्या सुमाराला नाका आला. यामिला नावाची तरतरीत तपासनीस खिडकीशी वाकली.

“फळं, भाज्या, कच्चं मांस?”

“दोन संत्री आहेत!” बाल्दोमेरो ओरडलाच. “हे घ्या. हे दुसरं. आमच्यात लपवाछपवी नाही.”

“मांस?”

“मांस? या वयात? डॉक्टरांनी मीठसुद्धा बंद केलंय.”

“ती लांब पेटी कसली?”

“छर्‍याची बंदूक. म्हातारी आहे. झोपलीय.”

“ठीक आहे, काका. जा.”

त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. सुटलाच होता. पण त्याने संसार कुणाशी केला होता?

“जा म्हणजे?” सुलेमा दार उघडून खाली उतरली. “पोरी, तू पेटी बघणार नाहीस?”

“बाई, बंदुका बघणं आमचं काम नाही. आम्ही फक्त—”

“मी कालचा अख्खा दिवस ती पेटी भरण्यात घालवला. नळी रिकामी, छर्रे वेगळे, कागद जोडलेले. लोक कशाही कोंबून नेतात बंदुका! जरा बघ, नीट नेलेली बंदूक कशी असते.”

“सुलेमा, तिला कामं असतील,” बाल्दोमेरो म्हणाला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

“तू गप्प बस. चांगलं केलेलं दाखवायला लाज कसली?”

तिने गळ्यातली किल्ली काढली. शाल बाजूला केली. झाकण उघडलं. हिरव्या स्पंजात तेरा बरगड्या ऐटीत पहुडल्या होत्या.

यामिलाने सुलेमाच्या हातातून कागद घेऊन शांतपणे वाचले आणि विचारलं, “बाई, हिच्यावर बंदुकीचा क्रमांक कुठे कोरलाय?”

“बाल्दोमेरो,” सुलेमा म्हणाली. ती नवऱ्याला पूर्ण नावाने फक्त फार रागावल्यावर हाक मारते. “बंदूक कुठाय?”

“छत्रीत.”

मला पिशवीतून उपसलं तेव्हा नाक्यावर खोळंबलेल्या आठ-दहा माणसांसमोर माझ्या तोंडातून वाळू गळत होती. अशी शोभा आयुष्यात झाली नव्हती.

यामिलाने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. “कच्चं जात नाही, काका. इथे ठेवून जा, नाहीतर अलीकडे भाजून घ्या. हाड काढून, शिजवलेलं न्या खुशाल.”

बरगड्या ठेवून जायच्या! आमच्याकडचा माणूस एक वेळ गाडी ठेवून जाईल. रस्त्याकडेच्या झाडांखाली आधीच्या प्रवाशांच्या राखेचे काळे गोल होतेच. बाल्दोमेरोने त्यातलाच एक निवडला, लाकडं गोळा केली आणि गाडीतली जाळी काढली. जाळी मात्र तो विसरला नव्हता.

“तिकडे माझ्या भावाची झाडं ससे खातायत,” सुलेमा कडाडली, “आणि तू इथे निखारे फुंकतोयस! लवकर आटप.”

“बरगडीला घाई करता येत नाही, म्हातारे.”

“करून बघ. नाहीतर तुला जाळीवर ठेवते.”

तीन तास लागले. एक ट्रकवाला पाव घेऊन आला, दुसरा वाईन. यामिलाची पाळी संपली तशी तीही स्वतःचा चाकू घेऊन आली. सुलेमा कुणाशी बोलत नव्हती, पण रिकामी बसणं तिला जमत नाही. तिने कापलेली चरबी वितळवली, जाळीखालच्या ताटात ठिबकलेली तिच्यात ओतली आणि दोन किलोचा डबा भरला. तळायला होईल म्हणून. हाडं ट्रकवाल्यांच्या कुत्र्यांना गेली, उरलेलं मांस आमच्याबरोबर आलं.

रुफिनोकडे पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. तो फाटकात उभा होता, हातात पुडी आणि पायाशी चिस्पा. रोपांकडे बोट दाखवून तो नुसता म्हणाला, “आलेत.”

पहिल्या रांगेत तीन ससे होते. बाल्दोमेरोने मला उचललं, छर्रा भरला आणि नेम धरला. मित्रांनो, मी जीव ओतला. पण घशात वाळू असेल तर गाणाराही काय करणार? कर्रर्र असा आवाज झाला आणि छर्रा भलतीकडेच जाऊन ओट्यावरच्या किटलीला लागला. दुसऱ्या खेपेला तो नळीतच अडकला. एक मोठा ससा मागच्या पायांवर उभा राहून आमच्याकडे बघू लागला.

“दाजी,” रुफिनो म्हणाला, “तो हसतोय.”

कुणालाच हसू आलं नाही. रुफिनो पुडी सोडू लागला. “चिस्पाला बांधून ठेवीन.”

“किती दिवस?” सुलेमाने विचारलं. “वसंतापर्यंत? ती दोरी खाऊन सुटेल.”

“मग काय करू, सुले? ही पण गेली तर पुन्हा लावायची ताकद नाही माझ्यात.” आणि तो साठीचा माणूस खरंच रडू लागला. चिस्पा त्याचे हात चाटत होती. त्याच हातात ती पुडी होती. मला वाटलं, या सगळ्याला मीच कारण. दुसरं कोण?

सुलेमाने पुडी काढून घेतली आणि चुलीत टाकली. मग ती भावाकडे बघत राहिली. “रुफिनो, बाबा सफरचंदाच्या खोडांना काय चोळायचे रे?”

तो डोळे पुसता पुसता थांबला. “चरबी. गाईची. सशाला तो वास सोसत नाही.”

तिघंही एकदम गाडीकडे धावली, गुडघेवालासुद्धा. डबा उघडला. उजेड होता तोवर तिघांनी हातांनी सव्वीस खोडं ढोपराएवढ्या उंचीपर्यंत चोपडली. चिस्पाला तर स्वर्ग लाभला. ती एकेक खोड चाटत फिरू लागली.

“अगं, चाटून टाकेल सगळं!” बाल्दोमेरो ओरडला.

“चाटू दे,” सुलेमा म्हणाली. “कुत्रं जिथून हलत नाही तिथे कुठला ससा येतोय?”

सकाळी रुफिनो अनवाणीच बागेत गेला. एकेका खोडाला हात लावत त्याने मोजलं. सव्वीसच्या सव्वीस. तो तिथेच चिस्पाला मिठी मारून बसून राहिला.

मी भिंतीला टेकून हे पाहत होते. खोटं कशाला बोलू, आधी मला हेवाच वाटला. माझं अंथरूण त्यांनी घेतलं, माझी शाल घेतली, आणि माझं कामही बरगड्यांनीच केलं. पण रुफिनोचा चेहरा पाहिला आणि हेवा फार वेळ टिकला नाही. मग सुलेमा आली, तिने मला मांडीवर घेतलं आणि विणायची सुई आणि लोकर घेऊन तासभर माझा घसा साफ केला. निघालेली वाळू तिने बशीत घेतली, आणि ती बशी नाश्त्याच्या वेळी बाल्दोमेरोपुढे ठेवली. त्याने दुसरी किल्ली खिशातून काढून तिच्यासमोर ठेवली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हाला प्रवासाला न्याल तेव्हा रिकामं करून, पुसून, आमच्याच पेटीत न्या, आणि त्या पेटीत दुसरं काही घालू नका. आम्ही धड पोचलो नाही तर आमचं काम दुसरं कुणीतरी करून जातं, आणि ते चवीलाही चांगलं असलं तर मग आमची आठवण कोण काढणार? ऑक्टोबरमध्ये रुफिनोचं पत्र आलं, ते सुलेमाने मोठ्याने वाचलं. सव्वीस झाडांना फुलं आली होती. चिस्पाचं नाव तीनदा होतं, बरगड्यांचे आभार दोनदा मानले होते. माझ्याबद्दल शेवटी एकच ओळ होती: दाजींना सांग, किटली अजून गळतेय.