सासूबाईंची मधाची दारू

आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. कामावरून सुटले की मी चारच्या सुमारास जिना चढते आणि तिसऱ्या मजल्यावर पिशवी खाली ठेवून थांबते. दम खायचा म्हणून नाही. वर गेल्यावर काय काय करायचं ते मनात जुळवून घेते. सासूबाईंना उठवून बसवायचं, बाथरूमला न्यायचं, कपडे बदलायचे, औषध, जेवण, मग पाठीला मलम. एवढं मनाशी घोकलं की पाय पुढे पडतात. त्या दिवशी दार उघडलं आणि पिशवी हातात असतानाच आतल्या खोलीतून आवाज आला.

"आलीस? त्या बादलीतल्या मधाची दारू घालायची आहे. रविवारी."

"आई, मला घरात तरी येऊ द्या."

"ये की. तुला कोणी अडवलंय?"

सासूबाईंना एक्क्याऐंशी वर्षं झाली आहेत. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या गच्चीवर मधमाश्या पाळल्या. नऊ पेट्या होत्या. गेल्या वर्षी गच्चीच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरून त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जीभ मात्र शाबूत राहिली. पेट्या एका रोपवाटिकावाल्याला देऊन टाकल्या आणि शेवटच्या काढणीचा एक बादलीभर मध घरात उरला. दरवर्षी त्या या मधाची दारू करायच्या, तीही स्वयंपाकघराचं दार लावून. कोणाला फिरकू द्यायच्या नाहीत. माझा नवरा म्हणायचा, आई एक वेळ मूत्रपिंड काढून देईल, पण ही कृती देणार नाही. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात आम्ही दोघी आहोत, आणि खरं सांगायचं तर आम्हाला जोडणारा माणूस तोच एक होता.

दारूची गोष्ट निघाली त्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्या नणंदेचा फोन आला होता. ती दुसऱ्या शहरात राहते. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. तळमजल्यावर, दिवसरात्र नर्स, सगळी सोय.

"वहिनी, तुम्ही तरी किती करणार? पण मी जबरदस्ती करणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच मी पुढचं बघेन. महिनाअखेरच्या रविवारी मी येतेच आहे, तेव्हा सांगा."

म्हणजे सगळं माझ्यावर. मी हो म्हटलं की सासूबाई जाणार, नाही म्हटलं की राहणार. मी त्यांना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरून त्यांना दवाखान्यात न्यायचं तरी दोन माणसं लागतात. माझी कंबर गेली आहे. पहाटे चारला उठून त्यांची कूस बदलायची, पाचला त्यांना पुन्हा बाथरूमला न्यायचं आणि साडेसहाला कामावर हजर व्हायचं, हे मी वर्षभर केलं होतं. मी थकले होते. झोपून उठल्यावरही थकलेलीच असायचे.

"किती दिवस लागतात या दारूला?" मी विचारलं.

"दिवस? सहा महिने तरी लागतात. वर्ष झालं तर उत्तम."

सहा महिने म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हातारीने फोन ऐकला वाटतं, मला वाटलं. आता ही बरणी भरून ठेवणार आणि म्हणणार, एवढी तयार होईपर्यंत तरी राहू दे मला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी इस्पितळात अवजारं निर्जंतुक करते. सव्वीस वर्षं झाली. रोग्याचं तोंड मी कधी बघत नाही, फक्त त्याच्या पोटात जाऊन आलेल्या कात्र्या आणि चिमटे बघते. धुवायचे, पुडक्यात बांधायचे, वाफेच्या यंत्रात घालायचे. आमच्या खात्यात एकच धर्म आहे: तापवलेली वस्तू उघडी ठेवायची नाही. उघडी ठेवली की हवेतली घाण बसते, आणि मग कोणाचा तरी जीव जातो. नव्या आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते आणि त्या चुकल्या तर हातावर फटका मारायलाही कमी करत नाही.

रविवारी मी कामाला लागले. दहा लिटरची काचेची बरणी, रबराचं बूच, त्यातून निघणारी नळी, लाकडी डाव, पातेलं, सगळं उकळून घेतलं. सासूबाई आतून पलंगावरून सूचना देत होत्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. "मनुका मूठभरच घाल." "माझी मूठ, तुझी नव्हे." "लिंबू पिळलंस का?" "बी पडली असेल, काढ." "तो लांबट डाव घेतलास ना?" विसाव्या सूचनेला माझं डोकं उठलं. मी जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि मला फार बरं वाटलं.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. मध पाण्यात घालून वीस मिनिटं खळखळून उकळला. वर आलेला फेस काढून टाकला. बरणी तडकू नये म्हणून आधी गरम पाण्याने शेकून घेतली, उकळता मध तिच्यात ओतला, त्यावर यीस्टची पुडी रिकामी केली आणि तत्काळ बूच लावलं. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. सगळं कसं चोख. आमच्या मुख्य परिचारिकेने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"आता उद्यापर्यंत ग्लासात बुडबुडे येतील. यीस्ट मधातली साखर खातं आणि वारा सोडतं. तुझा नवरा लहानपणी सोडायचा तसा."

सोमवारी बुडबुडा आला नाही. मंगळवारीही नाही. सासूबाई दर तासाला विचारत होत्या, आणि मी दर वेळी जाऊन त्या शांत ग्लासाकडे बघून येत होते. बुधवारी मी घरी आले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला स्वतःहून उठून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी गादी धरून. पडल्या असत्या म्हणजे? मी ओरडलेच.

"ओरडू नकोस. यीस्ट घातलंस तेव्हा मध कितपत गार होता?"

"गार?"

"कोमट म्हणून सांगितलं होतं मी. दोनदा."

"मी दार लावलं होतं," मी म्हणाले.

"ते कळलं मला. म्हणजे तू उकळत्यात टाकलंस?"

"उघडं ठेवून गार कसं करणार? घाण बसते."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ते जिवंत असतं! तू त्याला उकडून मारलंस! सव्वीस वर्षं जंतू मारून मारून तुझा हातच मारेकऱ्याचा झालाय. आणि मधही शिजवलास. त्याचा सगळा वास उडाला असणार. अति तिथे माती, तसलं केलंस."

एरवी मी ऐकून घेतलं असतं. पण त्या दिवशी कामावर दोन मुली आल्या नव्हत्या, सकाळपासून मी बसले नव्हते, आणि ती बरणी तिथे मख्खपणे उभी होती. माझा बांध फुटला.

"मग स्वतः करायची होती ना! चाळीस वर्षं दार लावून केलीत, तेव्हा शिकवलंत का? मला नाही झेपत, आई. तुमचं उठवणं, तुमचं बसवणं, तुमची दारू. मला काहीच झेपत नाही आता."

मी जमिनीवरच बसले आणि रडले. चांगली नाकडोळे गळेपर्यंत रडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हे इतकं नवल होतं की थोड्या वेळाने मी रडायची थांबले.

"नाकबिक पूस," त्या म्हणाल्या, "आणि मला खुर्चीत घालून आत ने. डब्यात दुसरी पुडी आहे. मी दोन मागवल्या होत्या."

"दोन कशाला?"

"तू पहिल्यांदा करणार होतीस म्हणून."

चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून जात नाही. मी साधी लाकडी खुर्ची ओढत ओढत नेली, सासूबाई तिच्यात बसलेल्या, आणि दोघींनाही उंबऱ्यावर हसू आलं. वर्षभरात त्या पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "तवे चुकीच्या बाजूला लावतेस." मग कामाला लागल्या.

बरणीतलं सगळं पातेल्यात काढलं. बुधवारपर्यंत ते आपोआपच गार झालं होतं. सासूबाईंनी मला ते किंचित कोमट करायला लावलं आणि माझं मनगट धरून त्यावर डावातला थेंब टाकला.

"गरम लागतंय?"

"नाही."

"गार?"

"नाही."

"काहीच लागत नाही ना? मग बरोबर. असंच बघायचं. थर्मामीटरच्या नादी लागू नकोस."

स्वतःच्या चहासाठी त्यांनी माझ्याकडून एका बाटलीत न उकळलेला मध काढून घेतला होता. तोही पातेल्यात ओतायला लावला, वास थोडा तरी परत यावा म्हणून. मग यीस्ट. मग उघड्या पातेल्यात, हवा आत जाईल असं, दहा मिनिटं ढवळायचं. माझ्या अंगावर काटा आला, पण मी ढवळलं, मग सगळं परत बरणीत भरून बूच लावलं आणि नळी ग्लासात सोडली. एवढ्याशा गोष्टीला चाळीस वर्षं दार कशाला लावत होता, असं मी विचारलं.

"घरात तेवढा एकच तास मला कोणी हाक मारायचं नाही," त्या म्हणाल्या. "कृतीत काय आहे? मध आणि पाणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासात बुडबुडा आला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत ग्लास डबक डबक करू लागला, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंनी टाळी वाजवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण नणंद येणार त्या रविवारला आता दहाच दिवस उरले होते, आणि मी मनातून ठरवलं होतं. मी हो म्हणणार होते. बुधवारी रडताना जे तोंडून निघालं ते खरं होतं. मला खरंच झेपत नव्हतं. त्या दहा दिवसांत मी सासूबाईंना दोनदा न्हाऊ घातलं, केस विंचरले, मागतील ते करून घातलं, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. त्या पलंगावरून आवाजावर बुडबुडे मोजत आणि मला आकडा सांगत. मिनिटाला बावीस. मिनिटाला एकोणीस. दर आकड्याला मला अपराधी वाटायचं.

नणंद सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी आली. बरोबर आश्रमाची गाडी आणि खुर्ची उचलायला दोन माणसं. मी तिला जिन्यातच गाठलं.

"अगं, मी अजून हो म्हटलंही नाही आणि तू माणसं घेऊन आलीस? मी आईंना काही सांगितलेलं नाही."

ती कठड्याला टेकून हळूच म्हणाली, "वहिनी, सांगणार नव्हते, पण तुम्ही उगाच झुरताय. ती खोली आईनेच शोधायला लावली मला. तीन महिने झाले. रोज तुम्ही कामावर गेलात की तिचा फोन. वहिनीला विचारल्यासारखं कर म्हणाली, म्हणजे तिला वाटायला नको की मी रुसून गेले. परवा म्हणाली, गाडी घेऊनच ये."

सुंठेवाचून खोकला गेला. पहिला विचार माझ्या मनात हाच आला. तो आला हे मी लपवणार नाही.

सासूबाई पलंगावर तयार बसल्या होत्या. पिशवी भरलेली होती. कशी भरली, देव जाणे.

"आई, तुम्ही जाणार होता, मग हे सहा महिन्यांचं दुखणं माझ्या गळ्यात कशाला मारलंत?" माझा आवाज चढला होता. "मला वाटलं, राहायचं म्हणून करताय."

"राहायचं असतं तर मीच केली असती, तुला शिकवली नसती."

"मग?"

"तू चार वाजता घरी येतेस. आल्या आल्या माझ्यावर खेकसतेस. उद्यापासून कोणावर खेकसशील? म्हटलं, घरात काहीतरी चालू असावं. मेलं निदान डबक डबक तरी करेल." मग लगेच, "तिकडे आणू नकोस हं ती. तिथे चालत नाही. मी विचारलंय."

खाली हवा गार होती म्हणून मी त्यांना स्वेटर घातला. त्याला सात बटणं होती. मी खालून लावत आले. पहिल्या बटणाला 'आई, राहा' हे शब्द माझ्या तोंडात आले. एवढंच म्हणायचं होतं. त्या राहिल्या असत्या, मला नक्की ठाऊक आहे, कारण त्या माझ्या हातांकडे बघत होत्या आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. तिसरं बटण झालं. पाचवं झालं. नणंद दारात उभी होती, ती माणसं जिन्यात वाट बघत होती. मी सातवं बटण लावलं, कॉलर सरळ केली आणि बाजूला झाले.

"नीट लावलीस," सासूबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी त्यांच्याच पलंगावर आडवी झाले आणि मला झोप लागली. संध्याकाळी जाग आली तेव्हा कंबर दुखत नव्हती. वर्षभरात मी एवढी गाढ कधी झोपले नव्हते. किती बरं वाटत होतं मला! तेच मला सहन होईना.