पाण्याची पाळी

वत्सलाबाई तरातरा पाणी संस्थेच्या खोलीत शिरल्या. "दीपमाला, तुझ्या संगणकात माझी पाळी दिसती अन् मोसंबीला थेंब न्हाई. झाडं वाळाय लागली की गं!"

दीपमालानं लगेच प्रोग्राम उघडला. गेवराईजवळच्या या गावात शेततळ्याचे व्हॉल्व्ह तिच्याच पायथन प्रोग्रामवर उघडत. प्रत्येक शेताला तिनं प्रोग्राम चालवणारा स्वतंत्र इंटरप्रिटर दिलेला, जशा एका घरात वेगळ्या चुली. व्हॉल्व्ह उघडणारं मॉड्यूल मात्र सी भाषेतलं, आणि त्यात शेताचा नंबर एकाच ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सामाईक कप्प्यात. गावात पाळी एका वेळी एकाचीच, मग जागा दोन कशाला, असा तिचा गावरान हिशेब. तिथंच घात झाला. ते व्हेरिएबल सगळ्या इंटरप्रिटरांत मिळून एकच होतं; शेवटी सुरू होणारा आधीच्याचा नंबर पुसून आपला लिही. शेवटी सुरू होई तो संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांचा. पाळी कुणाचीही असो, पाणी त्यांच्याच उसाला!

दीपमालानं ते ग्लोबल व्हेरिएबल मुळासकट उपटलं. आता प्रत्येक इंटरप्रिटरमधलं मॉड्यूल स्वतःची वेगळी मेमरी मागणार, नंबर तिथंच ठेवणार आणि बंद होताना ती मेमरी परत करणार. जेवून उठताना आपलं ताट आपण उचलावं, तसं.

तेवढ्यात विजयसिंह आले. "कशाला हात लावती त्याला? बरं चाललंय की."

"तुमचं चाललंय, दादा."

"नोकरी कुणी दिली तुला?"

गावात राहून असं काम पुन्हा मिळणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण भीतीपेक्षा संताप मोठा निघाला.

"तुमीच दिली. कालपर्यंत ही माझी चूक हुती, दादा. आज म्हाईत असून ठिवली तर चोरी व्हईल." तिनं नवं मॉड्यूल चालू केलं.

वत्सलाबाईंचा फोन वाजला. शेतातून त्यांचा आदिनाथ ओरडत होता, "आई, आलं पाणी!"

"जुनं परत टाक," विजयसिंह गरजले, "न्हाई तर उद्यापासून येऊ नको!"

"न्हाई येत. तुमची पाळी शनवारी हाय. तवा तुमालाबी पाणी येईल, तेवढं करून चाललेय."

विजयसिंह लॅपटॉपकडं झेपावले. वत्सलाबाईंनी आधीच खुर्ची ओढून त्याच्यापुढं ठाण मांडलं होतं. पदर खोचत त्या म्हणाल्या, "माझी पाळी संपंस्तवर ह्याला हात लावून तर बघा."