पहिलं बी कोणाच्या हातचं?

पिंपळगाव राजातल्या त्या गल्लीत होळी झाली की घरोघरच्या परसात आळी खणली जायची. कारली, दोडकी, ढेमसं, गवार. उन्हाळ्याची भाजी घरचीच हवी, हा गल्लीचा हट्ट. आणि पहिलं बी मातीत घालायचा मान सवाशिणीचा, हा गल्लीचा नियम. तो कुणी केला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या नियमांना बाप नसतो, राखणदार मात्र दारोदारी असतात!

कितीतरी वर्षं हा मान कौशल्याबाईंकडे होता. "कौशल्याबाईचा हात लागला का येल मांडवावर चढलाच समजा," असं बाया म्हणायच्या. फाल्गुनात त्या ओटीत बी घेऊन या परसातून त्या परसात हिंडायच्या. प्रत्येक घरी चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, परतायला दुपार टळायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे यजमान हिंमतराव छातीत कळ येऊन गेले. एकुलती लेक मलकापूरला दिलेली, ती दिवस करून परत गेली. मग होळी आली, गेली, आणि कौशल्याबाईंना एकाही घरचं बोलावणं आलं नाही.

कुणी भांडलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. फक्त बोलावलं नाही. कुंपणापलीकडे बायांचं हसणं ऐकू यायचं, कपबशा वाजायच्या. कौशल्याबाई चुलीपुढे बसून सकाळचीच भाकर संध्याकाळी खायच्या. एकटीसाठी पुन्हा चूल पेटवायची, हे मनच घेईना. मराठी राज्य नवं झालं होतं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ येऊन बसला होता, नव्या युगाच्या गोष्टी रोज सांगत होता. त्यातली एकही या गल्लीच्या परसापर्यंत पोचली नव्हती.

आणि मंडळी, सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? कौशल्याबाईंनाही तो नियम खराच वाटत होता! आळी त्यांनीच खणली, शेणखत त्यांनीच घातलं, कारल्याचं बी भिजवून ओल्या फडक्यात बांधलं ते त्यांनीच. पण बी मातीत घालायला हात पुढे होईना. शेवटी त्या शेजारच्या विमलबाईंकडे गेल्या.

"तुमच्या कोकिळाले धाडता का जराशी? सूनबाईच्या हातून बी पडलं तं बरं होईन."

विमलबाई घुटमळल्या. "धाडतो. पण बी पडेपर्यंत तुम्ही घरात राहा. नवी पोरगी हाये माही, सावली नको."

कौशल्याबाई मान डोलावून घरी आल्या.

कोकिळा आली तेव्हा त्या दार लोटून आत बसल्या. पोर जेमतेम विशीची, माहेरी कधी आळ्यात हात न घातलेली. बाहेर खुरपं खचाखच चाललेलं ऐकून कौशल्याबाईंना कळलं, ही फार खोल उकरते आहे. मग पाण्याचा आवाज आला. एक बादली. पुन्हा बादली. पुन्हा! बी कुजेल, हे त्यांना बसल्या जागी दिसत होतं. "बस कर व पोरी," हे शब्द ओठांवर आले. पण आवाज दिला तर अपशकुन! कौशल्याबाईंनी पदर तोंडाशी घट्ट धरला.

बी कुजलं. एक कोंब वर आला नाही. गल्लीत कुजबुज झाली की सवाशिणीनं लावलं तरी परस कोणाचं ते पाहा. विमलबाईंनी कोकिळाला पुन्हा तिकडे पाठवलं नाही. कौशल्याबाई रोज संध्याकाळी त्या रिकाम्या आळ्यांशी जाऊन बसत आणि अंधारून आलं की उठून आत जात.

अशातच रोहिणखेडहून त्यांची थोरली नणंद सत्यभामाबाई आली. तिला वैधव्य येऊन वर्षं लोटली होती आणि तिची जीभ गावभर प्रसिद्ध होती. परस पाहून ती थबकली.

"काऊन व कौशल्या, तुह्या घरी आळे सुने?"

कौशल्याबाईंनी सगळं सांगितलं. दाराआड बसल्याचंही सांगितलं आणि तिथे त्यांना रडू फुटलं.

सत्यभामाबाईनं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "मले एक सांग. तुह्या या विमलबाईच्या वावरात मातीत सरकी कोण टोबते?"

"मजूर बाया."

"त्याच्यात रांडमुंड बाया नाईत काय?"

"हायेत ना बाई. पुष्कळ हायेत."

"मंग तिथं कोणाले सावली आडवी येत नाई! मी सोता नवरा गेल्यावर तिफणीमागं चालत बियाचं सरतं धरलं, कपाशी पेरली, जवारी पेरली. तवा कोणी म्हटलं नाई का सत्यभामा, दाराआड बस. उन्हातान्हात राबाले आपला हात चालते, अन् मान घ्याची येळ आली का इटाळते? हा कोणता न्याव व?"

कौशल्याबाईंची नजर आपल्या हातांकडे गेली.

"लोकायचं सोड," सत्यभामाबाईचा आवाज खाली आला. "तुह्या हाताले काय झालं? हिंमत गेला, तुहा हात नाई गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाईंनी उरलेलं बी आपल्या हातानं लावलं. बोटाच्या पेराएवढंच खोल, वरून मूठभर बारीक माती, आणि पाणी शिंपडल्यासारखं. आठवड्यानं मातीला तडे गेले आणि हिरवे कोंब डोकावले! त्या संध्याकाळी किती दिवसांनी त्यांनी पुन्हा चूल पेटवून ताजी भाकर थापली.

इथे गोष्ट संपवली असती तर सोयीचं झालं असतं. पण सत्यभामाबाई गावी परतली आणि चैत्रात ऊन असं तापलं की विहिरीचं पाणी तळाशी गेलं. झळांनी निम्मे वेल माना टाकून वाळले. गल्लीला बोलायला निमित्त मिळालं. "सांगत होतो ना!"

कौशल्याबाईंना पुन्हा शंका आली. खरंच आपलाच हात का? त्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पलीकडे पाहिलं. विमलबाईंचे वेलही वाळले होते. सगळे विधी करून, सवाशिणीच्या हातून लावलेले! ऊन काही कुणाचा हात पाहून तापलं नव्हतं! मग त्यांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणून उरलेल्या वेलांवर सावली केली आणि ऊन कललं की तांब्या-तांब्यानं पाणी घालू लागल्या. सोबतीला कुणी नव्हतं. वेलांशीच चार शब्द बोलत आणि आत जात.

कारली धरली, तेव्हा एका सकाळी दारात विमलबाई उभ्या. मागे कोकिळा.

"आमच्या आळ्यात पुन्हा बी टाकाचं हाये," विमलबाई खाली बघत म्हणाल्या. "येता का?"

"मी?"

"तुम्हीच. रोज सांजच्याले तुम्हाले एकटीले पाणी घालताना पाह्यतो मी. काल मनात आलं, आमच्या ह्यायचंही वय झालं. उद्या माह्यावर ही येळ आली तं कोकिळा मले दाराआड बसवीन काय?" त्यांनी कौशल्याबाईंचा हात धरला. "चुकलं माय माह्यं."

ज्या बोलावण्यासाठी फाल्गुनभर कान दाराशी लावले होते, ते आज आलं होतं. त्या आत गेल्या, डोळे पुसले आणि बी घेऊन बाहेर आल्या.

"कोकिळा, बस माह्याजवळ. पेरभरच खोल, पाह्य. अन् पाणी मी सांगीन तेवढंच!"

वाचकहो, आपण कुणाला मारत नाही, कुणाला घराबाहेर काढत नाही, म्हणून स्वतःला चांगले समजतो. पण नवरा गेला म्हणून जिला बोलावणं आपण थांबवलं, अशी एखादी बाई आपल्याही गल्लीत असेल. तिच्या हातात काही उणं झालेलं नाही, उणेपण आपण तिला दिलं आहे. तेव्हा आजच तिच्या दारी जा आणि तिला बोलावून आणा.