फुली मारलेला डबा

रेल्वेच्या छोट्या लाइनचे दोन डबे यार्डात गंजत पडले होते. शेडमध्ये जागा एकाचीच. कोणता ठेवायचा आणि कोणता भंगारात काढायचा, हे संग्रहालयानं माझ्यावर सोपवलं, कारण जुन्या फोटोंवरून डबे ओळखणं हे माझं काम, आणि माझा तोराही त्याचाच.

फोटो घरचाच होता. गार्डाच्या कोटातले आजोबा, डब्याच्या टोकाला, ब्रेकच्या चाकावर हात ठेवून उभे. आत्या जन्मायच्या आधीच ते गेले. तिच्यापाशी बाप म्हणून एवढा एकच फोटो. "मरायच्या आधी एकदा त्या चाकावर हात ठेवू दे रे," ती म्हणायची.

फोटोत नंबर आजोबांच्या अंगाआड गेलेला. डबे जुळ्या भावांसारखे, फरक एकच: संडासाची बारीक खिडकी समोर धरली, की एकाचं चाक डाव्या टोकाला, दुसऱ्याचं उजव्या. फोटोत डावीकडे होतं. मी ठासून सांगितलं आणि उजव्या चाकाच्या डब्यावर खडूनं फुली मारली.

आज सकाळी तो कापायचा होता. ताई आत्याला घेऊन पुढे गेली होती. मी आरशासमोर शर्टाची बटणं लावत होतो. फोटोची प्रत आरशाच्या कडेलाच खोचलेली. सहज नजर गेली आणि हात थांबले. आरशातला मी आणि फोटोतले आजोबा, दोघांच्या बटणपट्ट्या एकाच बाजूला! आरसा उलटं दाखवतो. फोटोनं का दाखवावं? कुणीतरी निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापला होता. चाक उजवीकडेच होतं.

कटरवाल्याला फोन लावला, उचलेना. त्या आवाजात त्याला काय कपाळ ऐकू येणार? अर्धी बटणं उघडी टाकून स्कूटर हाणली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला शिव्या दिल्या, त्याहून जास्त स्वतःला.

ठिणग्या लांबूनच दिसल्या.

"थांबवा! अहो, थांबवा!"

कटरवाल्यानं चष्मा वर केला. "साहेब, फुली तुम्हीच मारलीत ना?"

डबा उभा होता, पण टोकाचा कठडा खाली पडला होता, ब्रेकच्या चाकासकट.

पलीकडच्या डब्यातून आत्यानं हाक मारली. तिथल्या चाकावर तिचा हात होता, चेहरा फुललेला. "अरे, इथेच ना बाबा उभे होते?"

हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं. कुणाला कळणार होतं? पण जीभ रेटेना.

"आत्या, मी चुकलो गं. तो डबा हा आहे."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की धरणी दुभंगावी. आत्या ताईचा हात धरून उतरली आणि सावकाश चालत आली.

"दांडा तापलाय, आजी. चाकाला हात लावा फक्त," कटरवाला म्हणाला.

ती कशीबशी खाली बसली. फोटोतल्यासारखा हात चाकावर ठेवला आणि एकदम माझ्याकडे वळली.

"गरम आहे रे, बाबांनी नुकताच हात काढल्यासारखं," ती म्हणाली.

मला रडू आवरेना.