भिंतीवरचं उलटं अंगण

देवकीला पहिली मुलगी झाली ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. दिग्गी गावात त्या वर्षी पाऊस लांबला होता. बाळंतिणीच्या खोलीत पाच दिवस नुसता अंधार आणि शेगडीचा धूर. खोलीला खिडकी नव्हती. अंगणाकडे उघडणारं फणसाच्या फळ्यांचं एक दार, तेवढंच. बाळंतपणासाठी म्हणून सासूनं, रुक्मानं, आतल्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवून घेतल्या होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. देवकी पोरीला पाजत होती, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं.

आधी तिला वाटलं, पाल असेल. मग तिनं नीट पाहिलं. भिंतीवर अंगणातला आंबा होता, पण शेंडा खाली आणि बुंधा वर. आणि तो सावलीसारखा काळा नव्हता, हिरवागार होता. आंब्याच्या बाजूला तांबडं लुगडं नेसलेली एक बाई खाली डोकं वर पाय करून भात पाखडत होती. सुपातून सुटलेला कोंडा खाली पडायचा सोडून वर वर चालला होता. बाहेरून सुपाचा आवाज येत होता आणि भिंतीवरचे हात त्याच ठेक्यात हलत होते.

देवकीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आत्ती!" ती ओरडली. सासूला ती आत्ती म्हणायची.

रुक्मानं सूप टाकलं आणि धावत येऊन दार उघडलं. उजेड आत शिरला. भिंत कोरी पांढरी.

"काय झालं गं?"

"आत्ती, तुमी हितं भिंतीवर होता. उलट्या."

रुक्माचा चेहरा उतरला. बाळंतीण असं काही बोलायला लागली की घरच्यांना आधी बाहेरची बाधाच आठवते. तिनं नवऱ्यामाघारी वाढवलेल्या एकुलत्या मुलाला, धाकलूला, हाक मारली. सोयरामुळं तो आत येऊ शकत नव्हता. त्यानं उघड्या दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई गं, कायबी न्हाई."

दार लावलं की भिंतीवर अंगण यायचं. कुणी पाहायला म्हणून दार उघडलं की जायचं. दोन दिवसांत देवकीच्या लक्षात आलं, की दाराच्या फळीला भुंग्यानं पाडलेलं एक गोल भोक आहे आणि त्यावर बोट ठेवलं तरी सगळं नाहीसं होतं. तिनं सासूला विनवलं, "दार लावून माज्याजवळ बसा, घटकाभर." रुक्मा बसली नाही. तिनं गावच्या भगताला विचारलं. त्यानं भोक बुजवायला सांगितलं. रुक्मानं त्यात मेण भरलं आणि वरून शेणाचा गोळा थापला.

पुढं दोन वर्षं देवकीनं तो विषय काढला नाही. पण पाणवठ्यावर बाया हसून विचारायच्या, "काय गं, आज सरळ दिसतोय न्हवं आमी?" ती घागर उचलून चालू लागायची. कधी कधी तिला स्वतःलाच वाटायचं, की त्या दिवसांत आपलं डोकं फिरलं असावं.

मग पौषात लक्ष्मण आला. तो मूळचा खानापूरचा, बेळगावात एका फोटोवाल्याकडं कामाला. काळी नदी दिग्गीच्या डोंगरात जिथं उगम पावते, तिथली चित्रं सुप्याच्या एका इंजिनियरसाहेबाला हवी होती. घाटात काचेच्या प्लेटा फुटतात म्हणून या खेपेला लक्ष्मणनं कचकड्याच्या लवचिक फिल्म आणल्या होत्या, ताटाएवढ्या मोठ्या, बारा इंच बाय दहा. ओढा ओलांडताना बैलगाडी कलंडली. फिल्म, त्या धुवायची औषधं आणि छापायचा कागद तेवढा वाचला. कॅमेऱ्याचा मात्र चेंदामेंदा झाला आणि भिंगाचे दगडावर तीन तुकडे झाले.

गाडीचं चाक दुरुस्त होईपर्यंत तो धाकलूच्या पडवीत उतरला. दोन दिवस तो त्या तुकड्यांकडं बघत बसून होता. तिसऱ्या दिवशी देवकी त्याच्यापुढं भाकरीचं ताट ठेवून तिथंच थांबली.

"अण्णा, चित्राला काचच लागती व्हय?"

"भिंगावाचून चित्र कसं येणार, अक्का?"

देवकीनं मागं वळून पाहिलं. सासू गोठ्यात होती. खालच्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. आंबा, सूप, वर जाणारा कोंडा, बोट ठेवल्यावर नाहीसं होणारं अंगण.

लक्ष्मणचा घास हातातच राहिला. "कुठली खोली?" एवढंच त्यानं विचारलं.

त्यानं सुईनं मेण उकरून काढलं, आत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आला नाही. "पुस्तकात वाचलं होतं मी," बाहेर येऊन तो म्हणाला. "बारीक भोकातून उजेड आला की समोरचं सगळं आत उलटं उतरतं. वाचलं आणि सोडून दिलं. बारा वर्षं हाच धंदा करतोय, अक्का, पण हे डोळ्यांनी आज पाहिलं."

देवकी ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. धाकलू गोंधळून तिच्याजवळ उभा राहिला. मग तो स्वतः त्या खोलीत गेला. आतून त्याची हाक आली, "आये! हिकडं ये!"

रुक्मा आली, पण उंबऱ्यावर अडली. देवकीनं तिचा हात धरला, आत नेलं, दार लावलं. दोघी अंधारात बसल्या. डोळे सरावले तसं भिंतीवर आंब्याचं झाड उतरलं, निळं आभाळ खाली पसरलं आणि मुद्दाम बाहेर थांबलेला धाकलू अंगणातून उलटा चालत गेला. रुक्मानं सुनेचा हात सोडला नाही. "दोन वर्सं तू येकलीच हे घिऊन बसलीस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पेटीचं काम निघालं. धाकलूचा हात सुतारकामात बरा होता. त्यानं शिवणीच्या लाकडाच्या फळ्या रंधा मारून हातभर लांब पेटी केली आणि मागच्या बाजूला लक्ष्मणची फिल्मची चौकट सरकवायला खाच पाडली. आतून काजळी आणि डिंक फासला. पुढच्या फळीला खिडकी कापून तिथं तांब्याचा पातळ पत्रा बसवायचा होता. फुटक्या घागरीचा तुकडा ठोकून ठोकून पानासारखा पातळ केला. त्याला भोक पाडायचं काम देवकीनं घेतलं. सुई किंचित टोचायची, मागून उठलेला कंगोरा सहाणेवर घासायचा, पुन्हा टोचायची. पहिली तीन भोकं वेडीवाकडी झाली. चौथं लक्ष्मणनं उन्हात धरून पाहिलं आणि मान डोलावली.

पहिली फिल्म अंगणात घेतली. तिन्हीसांजेला, तांबड्या कागदाच्या कंदिलाच्या उजेडात, बाळंतिणीच्याच खोलीत ती धुतली. सगळी काळीठिक्कर निघाली.

"कुठनंतरी उजेड शिरतोय," लक्ष्मण म्हणाला.

सकाळी देवकीनं पेटी उन्हात ठेवली, मागच्या उघड्या बाजूनं डोकं आत घातलं आणि अंगावरून कांबळं ओढून घेतलं. ती किती तरी वेळ तशीच होती. "घावलं!" आतून आवाज आला. फळीतल्या गाठीच्या कडेला केसाएवढी फट होती. एवढीशी. मेण आणि काजळी भरून तिनं ती बंद केली.

नदीच्या उगमावर ते चौघं गेले, पोरगी रुक्माच्या कडेवर. दाट झाडीखाली, दगडांच्या कपारीतून पाणी निघून खाली उड्या घेत होतं. उजेड कमी, म्हणून भोक उघडं ठेवायला लक्ष्मणनं अर्धा तास धरला. पेटी दगडांत घट्ट बसवली. भोकावरची लाकडी झाकणी काढायचं काम त्यानं देवकीकडं दिलं.

झाकणी काढली. पाण्याचा तेवढा आवाज. निम्मा वेळ गेला असेल, इतक्यात खालच्या वाडीच्या तीन बाया घागरी घेऊन आल्या आणि थेट पेटीसमोर पाण्यात उतरल्या. लक्ष्मणनं कपाळावर हात मारला. बाया आपल्या नादात होत्या. त्यांनी घागरी भरल्या, एकीनं दुसरीच्या डोक्यावर उचलून दिली, आणि हसत निघून गेल्या.

"झाकू का?" देवकीनं हळूच विचारलं.

"राहू दे. आता व्हायचं ते झालं."

त्या संध्याकाळी फिल्म धुतली. द्रावणात आधी काहीच नव्हतं. मग कोपऱ्यात एक डाग धरला, तो पसरला, त्यातून खडक निघाले, मुळं निघाली. पण सगळं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. रुक्मा बघून दचकली. "उद्या उन्हात सरळ होतंय," लक्ष्मण म्हणाला. छापायची काच फुटली होती. रुक्मा उठली, देवाच्या तसबिरीची काच काढून तिनं स्वतःच त्याच्या हातात दिली.

सकाळी अंगणात काचेखाली फिल्म आणि त्याखाली उन्हानं रंगणारा कागद ठेवला. चौघं भोवती उकिडवे बसले. कागद आधी गुलाबी झाला, मग जांभळट, मग तपकिरी. काच उचलली तसे चौघंही कागदावर वाकले. खडकांवरचं शेवाळ दिसत होतं. झाडाच्या सालीची एक एक भेग दिसत होती. आणि पाण्याच्या जागी पाणी नव्हतंच. तिथं धुकं होतं, मऊ, पांढरं, कपारीतून हळूहळू उतरणारं, जणू डोंगरच श्वास सोडत होता.

रुक्मानं कागदावर डोळे नेले. "आनि त्या बाया?"

बाया नव्हत्या. तिघींपैकी एकीचीही साधी छाया उमटली नव्हती.

"मी माज्या डोळ्यांनी बगितल्यात त्या! गेल्या कुटं?"

"त्या हलत होत्या, आत्ती," देवकी कागदावरची नजर न काढता म्हणाली. "खडक अर्धा तास हितंच व्हता. त्या एका जागी टिकल्याच न्हाईत. पेटीला त्या दिसल्याच न्हाईत."

लक्ष्मणनं तिच्याकडं पाहिलं. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

इंजिनियरसाहेबासाठी त्यानं आणखी तीन फिल्म घेतल्या. गाडी जोडायच्या आदल्या दिवशी सहावी, शेवटची फिल्म त्यानं पेटीत घातली आणि म्हणाला, "अक्का, ही तुमची. काय घ्यायचं ते तुम्ही सांगा."

देवकी विचार करत होती तोवर रुक्मा घरात गेली. बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. अंगणात पाट मांडून ती पेटीसमोर बसली.

"माजं घे," ती सुनेला म्हणाली. "मी न्हाई हलत."

देवकीनं झाकणी काढली आणि लक्ष्मणनं सांगितले तसे तीनशे अंक मोजायला लागली. रुक्मानं हात गुडघ्यांवर ठेवले होते. तिच्या नाकावर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. पोरगी येऊन लुगड्याला झोंबली, धाकलूनं तिला उचलून नेलं. रुक्मा खडकासारखी बसली होती, डोळे थेट त्या सुईनं पाडलेल्या भोकाकडं. दोनशे झाले, अडीचशे झाले. तीनशेला देवकीनं झाकणी लावली आणि मगच स्वतः मोकळा श्वास घेतला.

चित्रात तिचे गुडघे, हाताच्या शिरा, लुगड्याच्या काठाची नक्षी, सगळं स्वच्छ उतरलं. डोळे तेवढे जरा धूसर होते, पापण्या लवल्या असणार. रुक्मानं ते खूप वेळ पाहिलं. मग केळीच्या पानात गुंडाळून, काखेला मारून, ती कुंभारवाडा गावाला भावाकडं निघाली.

"कुनाला तरी धाडू की," धाकलू म्हणाला. "लांब हाय, आये."

"धाडशील आनि तो काय सांगंल?" रुक्मा म्हणाली. "कसं झालं ते मलाच सांगाय पायजे. हे माजी सून करती म्हनून सांगनार हाय मी." आणि ती वाटेला लागली.