घमेल्यातलं पांढरं तेल

गाडीच्या मागून घर्रघर्र आवाज यायला लागला त्या दिवसापासून मालनकाकीचं ड्रायव्हर गुणाजीवरचं मन उडालं होतं. लालबागहून कॉटन ग्रीनच्या गॅरेजला जाताना ती त्याच्या शेजारी बसलीच नाही. जेवणाच्या ऑर्डरीची रिकामी पातेली सारून मागे टेम्पोच्या हौद्यात बसली, आवाज स्वतःच्या कानाने ऐकायला. सून आकांक्षा पुढे बसली.

मेकॅनिक कुशाबा गुणाजीच्याच गावचा, देवगडकडचा. दोघं मिळून आपल्याला टोपी घालणार, हे काकी मनाशी धरूनच आली होती. कुशाबाने मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, तेव्हा ती पदर खोचून प्रत्येक चाकाशी वाकली. चाकं मुकाट फिरत होती. रड चाकांत नाही, मधे आहे, असं म्हणत कुशाबाने आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर पाना वाजवला. आतल्या दात्यांना तेल लागतं. गाडी भरल्या पाण्यात घातली की पाणी आत शिरतं आणि तेल पांढरं पडतं.

काकी ताठ झाली. हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं की गाडी जागची हलवायची नाही, हे तिने पावसाळाभर बजावलं होतं.

"सोड तेल," ती म्हणाली. "आणि गुणाजी, पांढरं निघालं तर उद्यापासून तू यायचं नाहीस."

कुशाबाने बूच काढलं. घमेल्यात दुधाळ चहासारखं तेल पडलं.

गुणाजी गप्प. सिग्नलला कोणी मागून हॉर्न मारला तरी खाली उतरून भांडणारा माणूस, आज स्वतःच्या चपलांकडे बघत उभा. काकीच्या मनात पाल चुकचुकली. यानेच केलं असतं, तर एव्हाना आईबापाच्या शपथा घेऊन झाल्या असत्या.

"कुणाला पाठीशी घालतोयस रे?"

"आई, गाडी मी नेली होती," आकांक्षा म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. गुणाजी श्राद्धाला गावी गेला होता. भोईवाड्यात बाराव्याचं जेवण पोचवायचं होतं आणि भाड्याचा टेम्पो मिळेना. टेम्पो मिळाला, हे घरी सांगितलेलं खोटं होतं. हिंदमाताला पाणी चढलं तेव्हा मागे फिरायला जागा नव्हती. गुणाजीने परतल्यावर गाडीखालचा चिखल बघून ओळखलं, पण आईंना मीच सांगते म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं.

काकीने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चालवायला कोणी शिकवलं?"

"बाबांनी. लग्नाआधीच."

"इतकी वर्षं माझ्या घरात जेवतेस, आणि हे मला गॅरेजात कळतंय. आणखी काय काय येतं तुला?"

गॅरेजमधली माणसं कामं थांबवून बघत होती. गुणाजीला काढायचा चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणं काकीच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने तो घेतलाच नाही. नुसती गुणाजीकडे वळली.

"गोळा उघडेपर्यंत इथून हलू नकोस. खराब झालेला भाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय नवा बसवू द्यायचा नाही. गाववाला असेल तुझा, माझा नाही."

"आणि उद्या, काकी?"

"उद्या नायगावची ऑर्डर आहे. गाडी तूच चालवायचीस," ती म्हणाली. "हिला मला अजून बरंच विचारायचंय."