इथे बसण्याची किंमत

मी एक फळा बोलतोय. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मासे जेवायला आलात, तर तुम्ही मला नक्की वाचाल. जानकीच्या खानावळीच्या पडवीत मी टांगलेला आहे. सुरमई, पापलेट, बांगडा, सोलकढी. लोक माझ्याकडे भुकेने बघतात. पण माझ्या डाव्या बाजूला एक तिरकी रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेली आहे, ती कोणी बघत नाही. ती मागणीची रेघ आहे.

मी पूर्वी कॉलेजात होतो.

कट्टा गावच्या एका सुताराने फणसाच्या फळ्या जोडून मला घडवलं. दर मे महिन्यात शिपाई बाबली मला काळा रंग द्यायचा आणि स्वतःच्या हातांकडे बघून म्हणायचा, "तुका रंगवतंय की माका, ताच समजणा नाय." पावसाळ्यात मी ओलावून जायचो. खडू माझ्यावर उमटायचा नाही, नुसता कुरकुरायचा. मग शिक्षक चिडायचे आणि मुलं खूश व्हायची.

माझ्यावर पुष्कळ विषय लिहिले गेले. बहुतेक शिक्षक पुस्तकातलं माझ्यावर उतरवायचे, मुलं माझ्यावरचं वहीत उतरवायची आणि मध्ये कोणाच्याच डोक्याला त्रास व्हायचा नाही. मग नदीम सर आले. विजयदुर्गचे, तरुण, तासिकेवर नेमलेले. पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवायचे. पुस्तकात सीमांत उपयोगितेला सफरचंदाचं उदाहरण होतं. सरांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि विचारलं, "सफरचंदं कोण खातं रे रोज? बांगडे घेऊ. भूक लागलीय, पहिला बांगडा खाल्ला. समाधान किती?"

"पोटभर!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि चौथ्या बांगड्याचं?"

पहिल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ता बांगड्यार आसा. तळलेलो की तिखल्यातलो?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि त्यांनी माझ्यावर दोन वेगवेगळ्या रेघा काढल्या, एक तळलेल्याची, एक तिखल्याची, म्हणजे झणझणीत रश्शातल्याची. ती मुलगी म्हणजे किशोरी. दांडीवरची. तिचे वडील समुद्रातून परत आले नव्हते, त्याला बरीच वर्षं झाली होती. आई जानकी घरच्या पडवीत पर्यटकांना जेवण वाढून घर चालवायची. मासे साफ करणं, खोबऱ्याचं वाटप वाटणं, भांडी घासणं, सगळं एकटीने.

किशोरी फळ्याजवळ यायला कधीच घाबरली नाही. सर म्हणायचे, पुस्तकाप्रमाणे माणूस नेहमी स्वतःचा फायदा बघतो. ती उठायची. "सर, रापणीत गाव मिळान जाळा ओढता, थंय तसा नसता. आजारी माणूस दोरी ओढूक येणा नाय, तरी त्याचो वाटो काढून ठेवतत. त्येका काय म्हणायचा?" सर खडू तिच्या हातात द्यायचे. "मला माहीत नाही. तू पुढे शिक आणि तूच सांग. पुस्तकात रापण नाही, हा पुस्तकाचा दोष आहे." तिचा चेहरा तेव्हा कसा उजळायचा, ते वर्गात फक्त मला आणि सरांना दिसायचं. बाकीच्यांना तिची पाठ दिसायची.

एका खडूत खडा होता. मागणीची रेघ काढताना तो माझ्या अंगात रुतला आणि रेघ कायमची कोरली गेली. रंगाने ती भरली नाही. सर नंतर त्याच रेघेवरून खडू फिरवायचे.

दिवाळीची सुट्टी जवळ आली, पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या, आणि सरांनी संधी खर्च शिकवायला घेतला. "एखाद्या गोष्टीची खरी किंमत पैशात नसते," ते म्हणाले. "तिच्यासाठी आपण जी सगळ्यात मोलाची गोष्ट सोडतो, ती तिची किंमत. आता मला सांगा, तुम्ही या बाकावर बसलाय. इथे बसण्याची किंमत काय?" आणि त्यांनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे बसण्याची किंमत'.

"झोप!" एकजण म्हणाला.

"क्रिकेट!"

"कँटीनचो वडो!"

सर म्हणाले, "किशोरी, तू लिही."

ती हसतच आली. खडू टेकवला आणि थांबली. तिचा श्वास मला जाणवत होता. मग तिने हळूहळू लिहिलं, 'आयेची कंबर'.

मागे हशा उठला. पण ती वळलीच नाही, तेव्हा हशा आपोआप विझला. सर म्हणाले, "बरोबर आहे. अगदी बरोबर. पण हे अर्धंच आहे, उरलेलं अर्धं उद्या." तेवढ्यात घंटा झाली.

अहो सर, घंटा होऊ द्यायची होती! दोन मिनिटं थांबवायचं होतं तिला. पण सरांना पुढच्या वर्गावर पळायचं होतं. तासावर नेमलेल्या माणसाला घंटेपलीकडचा वेळ कोण देतं?

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यावर लिहिलं, 'इथून उठण्याची किंमत'. आणि वळून पहिल्या बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता. त्या दिवशी तो धडा शिकवलाच गेला नाही. नंतरही तो बाक रिकामाच राहिला.

सर तिच्या घरी जाऊन आले. माझ्यासमोर उभं राहून ते बाबलीला सांगत होते, "आईसमोर म्हणाली, विषय डोक्यात शिरत नाही. आणि माझ्याकडे अशी विनवणीने बघत होती, की मला बोलताच आलं नाही."

"बोलाक व्हया होता, सर," बाबली म्हणाला.

"हो. बोलायला हवं होतं."

किशोरी परीक्षेला आली नाही. पुढे पुरेशी मुलं नाहीत म्हणून तो विषयच बंद झाला. मुलं कमी का, ती कुठे जातात, पहिल्या बाकावरची हुशार मुलगी अचानक कुठल्या मोरीत माशांचे खवले काढत बसते, हे कोणी विचारलं नाही. मुलं मोजली आणि विषय बंद केला. सरांचंही काम संपलं, ते गाव सोडून गेले. माझ्या जागी चकचकीत पडदा बसला आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

बाबलीनेच मला तिथून काढलं. रिक्षेच्या टपावर बांधून दांडीवर आणलं. "जानकीवैनी, जेवणांची नावा लिवक फळो व्हयो म्हणत होतंस मां? ह्यो घे."

किशोरी बाहेर आली. मला बघून तिने हात पदराला पुसले. मग त्या कोरलेल्या रेघेवरून एक बोट फिरवलं, वरून खालपर्यंत. माझ्यावर तिने पहिला शब्द लिहिला तो 'सुरमई'.

परवा दुपारी नदीम सर जेवायला आले. किशोरी आत चुलीपाशी होती. जानकीने त्यांना ओळखलं. आता तिची कंबर पुरती वाकली आहे, वाढतानाही ती भिंतीला धरते. ताट ठेवून ती ओशाळून म्हणाली, "सर, तुमी घराक इल्लास तेवा माका लय वायट वाटला. आमच्या चेडवाच्या डोक्यात काय शिराक नाय, तुमची खेप फुकट गेली."

सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि या वेळी ते बोलले. "काकी, तिच्याएवढी हुशार मुलगी मी शिकवली नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, आणि याच फळ्यावर तिने काय उत्तर लिहिलं होतं.

किशोरी दारात येऊन उभी होती. सर तिला म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी इथून उठण्याची किंमत शिकवणार होतो."

"ती शिकवक लागली नाय, सर," किशोरी म्हणाली. "ती कळली."

जानकी लेकीकडे वळली. "माझी कंबर," ती म्हणाली. "तिची किंमत तू लावलंस. माका इचारलंस? एकदा तरी इचारलंस गो? मी सगळ्या गावाक सांगत रवलंय, चेडू ढ आसा म्हणान."

किशोरी आत निघून गेली. चुलीवर काहीतरी करपत होतं.

काल सकाळी जानकी भिंतीला धरत माझ्यापाशी आली. ओलं फडकं घेऊन तिने माझी डावी बाजू स्वच्छ पुसली. पापलेट गेलं, सुरमई गेली, तिरकी रेघ तेवढी राहिली. मग तिने लेकीच्या हातात खडू दिला. "ही बाजू तुझी. काय शिकलंस ता लिव."

किशोरीने खडू टेकवला. थांबली. तेवढ्यात एक गाडी थांबली आणि कोणीतरी विचारलं, "जेवण आहे का?" ती उजव्या बाजूला सरकली आणि दाटीवाटीने पुन्हा माशांची नावं लिहू लागली.

तुम्ही जेवायला याल तेव्हा किशोरीला त्या रेघेबद्दल एकदा विचारा. एवढंच मागतो. बाकी माझी तक्रार नाही.

आज सकाळीही जानकी आली. तिने माझी डावी बाजू ओल्या फडक्याने नीट पुसली. पुसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.